नॉबपाशी उभी राहणारी शकिला

कोल्हारात अझीम मिस्त्री कुठं राहतात असं विचारलं तर कुणीही सांगेल. नगर-मनमाड रस्ता सोडून प्रवरेच्या अंगाला वळलं की पत्र्याची लांबट शेड लागते आणि तिच्या पाठीला लागून दोन खोल्यांचं घर. दारांवरची नक्षी, देवघरांच्या कमानी, बंगल्यांच्या नावाच्या पाट्या, मशिदीच्या खिडक्यांच्या जाळ्या, सगळं त्या शेडीत मशीनवर कोरून निघतं. अझीमला सगळे ओळखतात. त्याच्या बायकोला, शकिलाला, फारसं कुणी ओळखत नाही. गिऱ्हाईक शेडीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि ती असायची आत, मशीनच्या पलीकडं, भिंतीवर ठोकलेल्या एका राखाडी डब्यापाशी. तोंडाला ओढणी बांधलेली, भुवयांवर भुसा, आणि उजवा हात डब्यावरच्या नॉबवर.

शकिला मूळची सोनईची. तिच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. काचेच्या बांगड्यांची पेटी उघडली की त्यातली तडा गेलेली बांगडी बाजूला काढायचं काम लहानपणी तिच्याकडं असे. डोळ्यांना तडा दिसायचा नाही. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवायच्या. चांगली असेल ती गाते, फुटकी असेल ती खोकते, असं तिचे वडील म्हणायचे. शकिलाचा कान असा तयार झाला होता की दुकानात दुसऱ्या कुणी बांगड्या हाताळल्या तरी ती लांबून सांगायची, "अब्बा, ती फुटकी हाय."

लग्न होऊन ती कोल्हारला आली ती एका अबोल माणसाच्या घरात. अझीम वाईट नव्हता. हातात कसब होतं, व्यसन कसलं नव्हतं, पण त्याला बोलायला सुचत नसे. जेवताना पाणी हवं असलं तरी तांब्याकडं बघायचा. सोनईच्या गजबजलेल्या दुकानात वाढलेल्या मुलीला ते घर पहिली काही वर्षं खायला उठायचं. मुलगी झाली, आयत, तेव्हा कुठं घरात आवाज आला.

मग मशीन आलं. नगरच्या एमआयडीसीतला फर्निचरचा एक कारखाना बंद पडला आणि तिथलं जुनं सीएनसी अझीमनं उचललं. टेबलावर लाकूड बांधायचं, कॉम्प्युटरमध्ये नक्षी घालायची, की वरचं हत्यार आपोआप उभं-आडवं सरकत ती नक्षी कोरत जातं. ते हत्यार गरगर फिरवणारी मोटर म्हणजे स्पिंडल, आणि स्पिंडलला वीज पुरवून कमीजास्त वेगानं फिरवणारा तो राखाडी डबा म्हणजे ड्राइव्ह. मशीन टेम्पोतून येता येता म्हणा किंवा त्याआधीच म्हणा, कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांच्यातला दुवा निकामी झाला होता. हत्यारानं कुठं जायचं ते कॉम्प्युटर सांगायचा, पण किती जोरात फिरायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. तो वेग डब्यावरच्या नॉबनं हातानं धरावा लागे. बारीक हत्याराला जास्त, जाडाला कमी, सागाला एक, भुसा दाबून केलेल्या एमडीएफला दुसरा. वेग जास्त झाला तर लाकूड करपतं, कमी पडला तर हत्यार अडकून मोडतं.

अझीमला टेबलापासून हलता येत नसे. म्हणून तो म्हणाला, "तू जरा त्या नॉबपाशी उभी ऱ्हा. दुरुस्तीवाला मिळंपर्यंत."

दुरुस्तीवाला मिळाला नाही असं नाही. त्याला शोधायचीच गरज पडली नाही. काही दिवसांतच शकिलाला स्पिंडलचा सूर कळायला लागला. हत्यार लाकडातल्या गाठीपाशी आलं की सूर बसायचा, कोरडं लाकूड लागलं की चढायचा. अझीम टेबलावरून डोळा न काढता हात वर करी, अंगठा वर किंवा अंगठा खाली, आणि बहुतेक वेळा त्याचा हात वर जाईपर्यंत हिचा नॉब फिरलेला असे. मग तो वळून बघायचा आणि मान हलवायचा. घरात जे कधी जमलं नाही ते शेडीत जमलं. दिवसभर त्या गोंगाटात दोघं एकमेकांशी बोलत असायची, एक शब्द न उच्चारता. शकिलाला पुढं वाटे, आपला संसार खरा त्या दोन खोल्यांत झालाच नाही, तो झाला शेडीत.

कानात घालायचे बोळे मशीनबरोबर आले होते. अझीम ते घालायचा. शकिलानं एकदा घालून बघितले आणि काढून ठेवले. कान बुजवले तर सूर कसा ऐकणार?

ऐकू येणं कमी झालं ते इतकं हळू, की तिला ते दुसऱ्यांचंच काही बिघडल्यासारखं वाटलं. आयत लग्न होऊन मालेगावला गेली होती, तिचा फोन आला की शकिला म्हणायची, "तुमच्याकडं रेंज न्हाई का गं?" दूधवाला हल्ली हाक मारत नाही अशी तिची तक्रार होती. पहाटेची, फजरची अजान ऐकून उठायची सवय. आता उजाडल्यावर जाग यायची आणि ती स्वतःवरच चिडायची. मग एक दिवस भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं की आपल्या हातातल्या बांगड्या वाजत नाहीत. तिनं पीठ झटकलं, दोन्ही हात कानाशी नेऊन हलवले. बांगड्या एकमेकींवर आपटताना दिसत होत्या. तिनं तवा उतरवला आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. अझीमला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, सांगितलं की खरं होईल.

खरं व्हायचं थांबलं नाही. संगमनेरपलीकडच्या अकोल्याहून कुणी सागाचं दोन फळ्यांचं दार करायला टाकलं होतं, मधोमध मोर आणि भोवती भाताच्या लोंब्या. मोराच्या पिसाऱ्यावर हत्यार फिरत असताना शकिलाला भुशाचा रंग बदलल्यासारखा दिसला, पिवळ्याचा तांबूस, मग काळा. तिनं वर पाहिलं तर अझीम तिच्याकडं तोंड करून काहीतरी ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या. किती वेळ ओरडत होता कोण जाणे. तिनं घाईनं नॉब फिरवला, वेग एकदम फार खाली गेला, आणि हत्यार अडकून मोडलं, भिंतीवर आदळलं.

अझीमनं मशीन बंद केलं. करपलेल्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. मग तिच्याजवळ येऊन त्यानं अगदी साधं काहीतरी विचारलं, आणि तिला त्याचे ओठ तेवढे हललेले दिसले.

"मला न्हाई येत ऐकू," ती म्हणाली. स्वतःचा आवाजही तिला भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला.

लोणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. शकिला बटण धरून बसली आणि काचेपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. बराच वेळ काहीच येईना. तिला भीती वाटली की बाईंना आपण झोपलोय असं वाटेल, म्हणून तिनं अंदाजानंच दोनदा बटण दाबलं.

बाईंनी नंतर कागदावर लिहून दिलं, अझीमलाही समजावून सांगितलं. सततच्या कर्कश आवाजानं आतली नस मेली आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर मशीनजवळ जायचं नाही, कानाचं यंत्र वापरायचं. "कानात काही घालत नव्हता का काम करताना?" असंही त्यांनी लिहिलं होतं. शकिलानं ते वाचलं. ऐकणं हेच काम होतं, हे कागदावर कसं लिहायचं ते तिला सुचलं नाही. ती नुसती हसली.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रशांत आला. प्रशांत साळवे नगरच्या एमआयडीसीत मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायचा, गडी हुशार आणि बोलका. अझीमनं त्याला बोलावलंय हे शकिलाला माहीत नव्हतं. चहा घेऊन शेडीत गेली तर राखाडी डब्याचं झाकण उघडं, आतल्या वायरी बाहेर लोंबलेल्या, आणि तिच्या जागेवर हा माणूस गुडघे टेकून बसलेला. दोघं एकमेकांशी बोलत होते. प्रशांतच्या मिशा भरघोस, त्याचे ओठ काही दिसेनात. शकिला चहाची ताटली धरून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. आपल्याबद्दल बोलतायत की वायरींबद्दल, तेही कळेना.

शेवटी प्रशांतच्या ध्यानात आलं. त्यानं पिशवीतून काडेपेटीपेक्षा थोडं मोठं हिरवं कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि एमडीएफच्या तुकड्यावर सुताराच्या पेन्सिलीनं चित्र काढायला घेतलं. आधी दातेरी रेघ: वर, खाली, वर, खाली. मग टाकी, वर नळ, खाली बारीक धार.

"भाभी, कॉम्प्युटरला फक्त चालू-बंद करता येतं," तो सावकाश, मोठ्यानं म्हणाला, आणि चित्रावर बोट ठेवत गेला. "नळ उघड, बंद कर, उघड, बंद कर. सेकंदात शेकडो वेळा. ड्राइव्हला असं तुटक चालत नाही. त्याला एकसारखा दाब लागतो, शून्य ते दहा व्होल्ट. शून्य म्हणजे थांब, दहा म्हणजे पूर्ण जोरात. हे कार्ड म्हणजे मधली टाकी. वरचा नळ जास्त वेळ उघडा राहिला की पाणी चढतं, कमी वेळ राहिला की उतरतं. खालची धार मात्र तुटत नाही."

अर्धं ऐकून, अर्धं चित्रावरून शकिलाला समजलं. तिनं विचारलं, "म्हंजे आता नॉब नको?"

प्रशांतनं अझीमकडं पाहिलं. अझीम खाली बघत होता.

"नको," प्रशांत म्हणाला, आणि हातानंही तसंच दाखवलं.

कार्ड बसवल्यावर ते लगेच काही ताळ्यावर आलं नाही. कॉम्प्युटरमधून पूर्ण वेग मागितला तरी स्पिंडल निम्म्याच्या आसपास घुटमळे, आणि ड्राइव्हवरचे आकडे थरथरत राहत. प्रशांतनं ओळखलं की कार्डाची बारीक वायर स्पिंडलच्या जाड केबलला चिकटून नेलीय, तिचा गोंधळ हिच्यात शिरतोय. त्यानं जाळीचं वेष्टण असलेली वायर आणली, लांबून भिंतीकडेनं फिरवली. आकडे स्थिर झाले. पण वेग अजून पुरा मिळत नव्हता. कार्डावर एक इवलासा पितळी स्क्रू होता. कॉम्प्युटरनं पूर्ण वेग मागितला की कार्डातून बरोबर दहा व्होल्ट निघायला हवेत, ते त्या स्क्रूनं जुळवायचं होतं. प्रशांत कॉम्प्युटरपाशी बसला, अझीमनं मीटरच्या दोन्ही पिना धरल्या. स्क्रू फिरवायला तिसरा हात हवा होता.

प्रशांतनं बारका पेचकस शकिलापुढं धरला.

ती तिच्या जुन्या जागेवर उभी राहिली. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसवलं आणि मीटरवर डोळा ठेवून केसाएवढं फिरवलं. पाचाच्या पुढं. सहा. अजून थोडं, सात. शेडीत स्पिंडल फिरत होतं म्हणे. तिला पायाखालच्या फरशीतून हलका कंप तेवढा जाणवत होता. साडेनऊवर ती थांबली. अझीमनं तिच्याकडं पाहिलं. दोघांचे चेहरे इतके जवळ होते की त्याच्या पापणीवरचा भुसाही तिला दिसत होता.  मग तिनं स्क्रू दहावर आणला. प्रशांतनं कॉम्प्युटरवर निम्मा वेग टाकला, मीटर पाचावर उतरला. पाव वेग टाकला, अडीचावर. सगळं जिथल्या तिथं.

"जमलं!" प्रशांतनं दोन्ही हात वर केले. शकिलानं पेचकस पुसून त्याला परत दिला, कपबश्या गोळा केल्या आणि घरात गेली.

आता शेडीत तिचं काम उरलं नाही. अझीम प्रत्येक हत्याराचा वेग आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचा आणि स्पिंडल त्याबरहुकूम चालायचं. गाठ आली की एखादं हत्यार मोडायचं, कार्ड काही लाकूड ऐकत नाही. पण एकंदरीत काम वाढलं, बिघाड कमी झाला. अकोल्याचं दार नव्या लाकडात पुन्हा कोरायला घेतलं.

शकिला घरात एकटी पडली. तिच्याशी कुणी भांडलं नाही, कुणी तिला टाकलं नाही. म्हणूनच कुणाला काही सांगायची सोय नव्हती. कानाचं यंत्र आणलं. त्यातून माणसांचे शब्द येण्याऐवजी ताटल्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि स्वतःच्या चावण्याचा आवाज यायचा. दुपारपर्यंत डोकं उठायचं, मग ती ते काढून डबीत ठेवायची. शेजारच्या बायका यायच्या, पहिले काही दिवस मोठ्यानं बोलल्या, मग आपापसात बोलायला लागल्या, मग यायच्या कमी झाल्या. आयत फोनऐवजी फोटो पाठवू लागली: केलेली भाजी, धुतलेल्या चादरी, तिच्या बाळाचा दात. शकिला फोटो मोठा करून करून बघायची. दाताच्या मागं आयतच्या घराची भिंत दिसायची, तिच्यावरचं कॅलेंडर दिसायचं.

अझीम जेवायला येई, जेवून जाई. पूर्वीही तसाच होता. पण पूर्वी जेवण झाल्यावर ती त्याच्यामागून शेडीत जायची.

एकदा त्याला यायला उशीर झाला म्हणून ती जेवणाचा डबा घेऊन शेडीच्या दारापर्यंत गेली. कार्ड बसलं त्या दिवसापासून ती उंबरा ओलांडत नसे. अझीम टेबलावर वाकला होता, तिच्याकडं पाठ. हत्यार सागाच्या फळीवर फिरत होतं. आणि तिच्या देखत त्याचा डावा हात वर गेला, भिंतीवरच्या डब्याकडं, अंगठा खाली. हात तसाच हवेत राहिला. मग त्याला उमजलं असावं. त्यानं हात खाली घेतला, पँटला पुसला आणि पुन्हा फळीवर वाकला.

शकिला मागं सरली. तिनं डबा घरात नेऊन ठेवला, आणि थोड्या वेळानं, जसं काही आत्ताच निघालीय असं दाखवत, पुन्हा घेऊन गेली.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "तुमी माझ्याशी बोलत न्हाई."

अझीमनं भाकरीकडं बघत काहीतरी उत्तर दिलं.

"बघा! भाकरीशी बोलताय. माझ्याकडं बघून बोला."

त्यानं मान वर केली. तिच्या समोर नीट मांडी घालून बसला. "वरडावं लागतं," तो म्हणाला. एकेक शब्द तिनं ओठांवरून उचलला. "वरडलं की मला भांडल्यावानी वाटतं. त्या दाराच्या दिवशी वरडलो, तवापासनं नको वाटतं."

"वरडू नका. हळू बोला. फकस्त तोंड माझ्याकडं ठेवा."

"बरं."

मग तो तोंड तिच्याकडं ठेवून बसला आणि त्याला बोलायला काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "कालवणात मीठ बरोबर हाय."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. एवढ्यावर काही सगळं बदललं नाही. माणसाचा स्वभाव एका जेवणात बदलत नसतो. पण दुसऱ्या दिवसापासून अझीमनं कोरून झालेल्या फळ्या अंगणात आणून ठेवायला सुरुवात केली आणि त्या घासण्याचं काम तिनं घेतलं. पॉलिश पेपर घेऊन ती लिंबाच्या सावलीत बसायची. लोंबीचा एकेक दाणा, मोराच्या पिसाऱ्याची एकेक रेघ बोटांनी तपासायची. कुठं खरखर राहिलीय ते बोट सांगायचं. कामाला सोबत नव्हती, पण काम होतं.

भातकापणीच्या दिवसांत अकोल्याचं दार पोचवायला निघाले, तेव्हा शेवटचा पॉलिशचा हात बसवल्यावर मारायचा म्हणून शकिलाही टेम्पोत बसली. कानाचं यंत्र घरीच राहिलं. संगमनेर मागं पडलं, डोंगर जवळ आले, रस्ता भंडारदऱ्याच्या बाजूला चढू लागला. अझीम ड्रायव्हरशी बोलत होता, ड्रायव्हर हसत होता. शकिला खिडकीतून कापलेली खाचरं बघत होती.

दार रंगनाथ नावाच्या गृहस्थाचं होतं. तो नोकरीला नाशिकला; गावात त्याची म्हातारी आई चांगुणाबाई एकटीच राहायची, तिच्यासाठी त्यानं घर नव्यानं बांधलं होतं. दार बसवायला रंगनाथ आला होता. पुरुष माणसं चौकट आणि बिजागऱ्यांपाशी गुंतली आणि शकिला ओट्यावर बसली. चांगुणाबाई तिच्याशेजारी येऊन टेकली. नऊवारीचा पदर सारखा करत तिनं काहीतरी विचारलं असावं. शकिलानं मान हलवली. कानाकडं बोट दाखवून सांगणार होती, पण तोवर म्हातारीनं बोलायला सुरुवात केली होती.

म्हातारी बोलत राहिली. हात डोंगराकडं जाई, खाचरांकडं जाई, कधी कपाळाला लागे. मध्येच ती हसली, तेव्हा शकिला हसली. मध्येच डोळे पुसले, तेव्हा शकिलानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या सुरकुतलेल्या ओठांवरून एक शब्दही धड उचलता आला नाही. तरी तिला थांबवावंसं वाटेना. आपण ऐकत नाही हे कळलं असतं तर ही बाई गप्प झाली असती, उठून आत गेली असती. आणि आतलं ते एकटेपण काय असतं ते शकिलाला माहीत होतं.

उन्हं कलली तेव्हा दार बसलं. शकिलानं पॉलिशचा हात मारला. निघताना चांगुणाबाईनं तिच्या ओढणीत नव्या तांदळाची पिशवी घातली आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा कुरवाळला.

टेम्पो सुरू व्हायच्या आधी अझीम तिच्याकडं वळला, पूर्ण वळला, आणि म्हणाला, "एवढं काय सांगत हुती म्हातारी?"

"ठावं न्हाई," शकिला म्हणाली. "पण लई दिसांचं साठलं हुतं."

अझीमनं मान हलवली. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं, तो उत्तर द्यायला पुढं वळला. शकिलानं तांदळाची पिशवी मांडीवर घेतली, खिडकीची काच वर सरकवली, कारण उतारावर आता गार वारा लागत होता.